दुसऱ्याच्या घरी जगलं, तरच धंदा : मोहोपाड्यातून एअर प्लांट विकताना

लोकलमध्ये इयरफोन लावून ऐकणारे, शिफ्ट संपवून एमआयडीसीतून घरी येताना ऐकणारे आणि "ऐकायला वेळ नाही, वाचूनच घेतो" म्हणणारे, सगळ्यांचं स्वागत. गेले काही महिने मला मेसेजमध्ये एकच प्रश्न सारखा येतोय : "ताई, एअर प्लांटचा धंदा कसा सुरू करायचा? महिन्याला किती सुटतात?" आजचा भाग त्याच्यावर. बोलताना जिथे अडखळले ते काढून टाकलंय, बाकी जसं बोलले तसंच खाली लिहिलंय.

पैशांवर येणारच आहे. पण आधी मी केलेला घोळ सांगते, कारण त्यातूनच मला धंदा म्हणजे काय ते कळलं.

पंचवीस वाणं

मी मोहोपाड्याची. खालापूर तालुका, रसायनी स्टेशन जवळ, पाताळगंगेच्या काठचा कारखान्यांचा पट्टा. आमच्याकडे "काय करतोस?" याचं उत्तर बहुतेक वेळा "कंपनीत आहे" असंच असतं. मीही कंपनीतच होते, ऑफिसच्या कामाला. एका प्रदर्शनात मूठभर आकाराचं, कुंडी नाही, माती नाही, असं एक रोप दिसलं आणि मी घेऊन आले. मग दुसरं आणलं. वर्षभरात खिडकीच्या ग्रिलला तीस-एक लटकत होती आणि एकही मेलं नव्हतं. मला वाटलं, आपल्याला जमलं!

संक्रांतीच्या आधी शेजारच्या काकू आल्या. "अगं, प्लॅस्टिकचे डबे वाटून कंटाळा आलाय. यंदा हळदी-कुंकवाला तुझी ती झाडं देऊ का वाण म्हणून?" पंचवीस नग. माझी पहिली ऑर्डर. मी ती छान दिसावीत म्हणून काचेच्या गोल बरण्यांत ठेवली आणि चमकते म्हणून तांब्याच्या तारेने बांधली. फोटो तर असे आले की विचारू नका. सोबत एक चिठ्ठी दिली : "रोज थोडं पाणी शिंपडा."

शिमग्यापर्यंत त्यातली निम्मी मेली होती.

काकू मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. फक्त एक दिवस त्यांची बरणी परत आणून दिली. धुतलेली, आणि रिकामं भांडं परत करायचं नाही म्हणून तळाशी दोन चमचे साखर घातलेली. ती साखर बघून मला जेवढं वाईट वाटलं, तेवढं कुणी ओरडलं असतं तरी वाटलं नसतं.

त्या दिवशी कळलेली गोष्ट ही : माझ्या खिडकीत रोप जगतं ही माझी आवड. ते काकूंच्या टीव्हीच्या कपाटावर जगलं, तर तो धंदा. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि आजचा सगळा भाग या फरकाबद्दल आहे.

हे बांडगूळ नाही

घरी पहिलं रोप आणलं तेव्हा आजी म्हणाली, "बांडगूळ कशाला आणलंस घरात?" तिचं चुकलं नाही. आपल्याकडे आंब्याच्या फांदीवर दुसरं काही उगवलेलं दिसलं की ते बहुधा बांडगूळच असतं. बांडगूळ आपली मुळं फांदीच्या आत घुसवतं आणि झाडाचं पाणी, क्षार ओढून घेतं. फांदी हळूहळू वाळते. म्हणून तर आपण ऐतखाऊ माणसालाही बांडगूळ म्हणतो.

एअर प्लांट तसं नसतं. ते फांदीवर नुसतं बसतं. मुळं असतात, पण ती पकडून ठेवण्यापुरती. झाडाकडून ते काही घेत नाही. आपल्या सह्याद्रीत पावसाळ्याच्या तोंडाला जिचे गुलाबी-पांढरे घोस लोंबतात ती सीतेची वेणी, ते ऑर्किडही असंच, झाडावर बसणारं पण झाड न खाणारं.

बाजारात एअर प्लांट म्हणून जे मिळतं ते टिलँडसिया. हे अननसाच्या कुळातलं. मूळ घर अमेरिका खंडात : मेक्सिको, ग्वाटेमालापासून खाली दक्षिण अमेरिकेपर्यंत. सहाशेहून जास्त जाती आहेत. नावाचा किस्सा गमतीचा आहे. सतराव्या शतकात एलियास टिलँड्झ नावाचे एक डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ होते. त्यांना म्हणे समुद्रप्रवासाचा इतका त्रास झाला की परतताना ते बोटीत बसलेच नाहीत, लांबचा वळसा घालून जमिनीवरून गेले. पुढे लिनियसला वाटलं की या झाडालाही पाणी आवडत नाही, म्हणून त्याने ते नाव दिलं.

आता गंमत अशी की लिनियस फसला होता. या रोपाला पाणी लागतं. चांगलं लागतं. फक्त ते पिण्याची पद्धत वेगळी आहे.

पाणी पितं कसं, मरतं कसं

रोप जवळून बघा. पानांवर पांढुरकी लव दिसेल. ती धूळ नाही, पुसू नका! ते बारीक खवले असतात. पाणी पडलं की ते पाणी धरतात आणि आत घेतात. म्हणून भिजवल्यावर रोप हिरवं दिसतं आणि वाळल्यावर पुन्हा चंदेरी. मुळाचं काम पानं करतात.

दुसरी गोष्ट. बहुतेक झाडं दिवसा पानांवरची छिद्रं उघडून हवा आत घेतात. टिलँडसिया ती मुख्यतः रात्री उघडतं, म्हणजे दिवसाच्या उन्हात पाणी उडून जात नाही. निवडुंगाचीही हीच युक्ती. पण याचा अर्थ असा की रात्री पानं ओली असतील, तर वर पाण्याचा थर बसलेला असतो आणि रोपाला श्वास घेता येत नाही. तेच पाणी पानांच्या बेचक्यात साचून राहिलं की बुंधा कुजतो.

आता माझ्या पंचवीस वाणांचं काय झालं ते बघा.

काचेची बरणी : आत वारा नाही. शिंपडलेलं पाणी सुकतच नव्हतं.

"रोज थोडं पाणी शिंपडा" : हा सगळ्यात वाईट सल्ला. उघड्यावर ठेवलेल्या रोपाला ते पुरत नाही, बरणीतल्या रोपाला ते जास्त होतं.

तांब्याची तार : या कुळातल्या झाडांना तांबं विषारी आहे. ओल्या पानाला तांबं घासत राहिलं की रोप जातं. देवघरातल्या तांब्यातलं पाणीसुद्धा याला घालू नका.

म्हणजे मी रोपं विकली नव्हती. पंचवीस घरांत सुंदर दिसणारे सापळे वाटले होते.

आता मी देते ती चिठ्ठी अशी : "आठवड्यातून एकदा, सकाळी, वीस-तीस मिनिटं पाण्यात बुडवा. बाहेर काढून उलटं धरून झटका. पंख्याखाली उलटं ठेवा. चार तासांत कोरडं झालं पाहिजे. मगच जागेवर ठेवा. उजेड हवा, दुपारचं थेट ऊन नको." एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा. बोअरचं पाणी जड असेल तर पानांवर पांढरे डाग धरतात, म्हणून पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. एवढंच. मोबाईलचा फोटो काढून ठेवा म्हणून सांगते, कारण चिठ्ठी हरवते, फोन हरवत नाही.

आमचा पावसाळा

इंटरनेटवरची बहुतेक माहिती कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेली असते. ती घेऊन तुम्ही जुलैत मोहोपाड्यात बसलात तर रोपं गेलीच म्हणून समजा. आमच्याकडे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत चादरी वाळत नाहीत, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चपलांना बुरशी येते. अशा हवेत भिजवलेलं रोप चार तासांत सुकेल कसं?

त्यामुळे पावसाळ्यात माझा नियम उलटा : पाणी जवळजवळ बंद, वारा चालू. एक छोटा टेबल फॅन रोपांसाठीच आहे. दिवे गेले की सगळी रोपं ग्रिलवर मोकळी लटकवायची, पण थेट पागोळीखाली नाही. रोज सकाळी बुंधा बोटाने दाबून बघायचा. मऊ लागला किंवा मधलं पान ओढल्यावर सहज हातात आलं, तर ते रोप गेलं. बाजूला काढायचं आणि वहीत लिहायचं.

जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेर मी रोपं कुरिअरने पाठवत नाही. बंद खोक्यात दोन-तीन दिवस, त्यात दमट हवा, म्हणजे परत काचेची बरणीच झाली की! या काळात मी करवंट्या साफ करते, वाळकी लाकडं घासते, अॅल्युमिनियमच्या तारेचे आणि नायलॉनच्या दोऱ्याचे स्टँड बनवते. तुमच्या हिशोबात हे अडीच महिने कमाई नसलेले धरा. नाही धरले तर पहिल्याच वर्षी तोंडावर पडाल.

आता पैसे

हा हिशोब माझ्या वहीतला आहे. तुमच्याकडे भाव वेगळे असतील, पण गणित तेच राहील.

छोटं आयोनांथा जातीचं रोप मला १२० रुपयांना पडतं. स्टँड २५, खोकं आणि आतला कागद २५. झाले १७०. विकते २५० ला. कुरिअर गिऱ्हाईक वेगळं देतं. म्हणजे रोपामागे ८० रुपये सुटतात, नाही का? मीही तसंच समजत होते.

आता खरं चित्र. दहा रोपं आणली. एक माझ्याकडेच मेलं. नऊ पाठवली. त्यातलं एक गिऱ्हाइकाकडे महिन्याभरात गेलं आणि मी शब्द दिलाय म्हणून बदलून दिलं. म्हणजे पैसे आले आठ रोपांचेच : २,००० रुपये. खर्च : दहा रोपांचे १,२००, नऊ स्टँडचे २२५, नऊ खोक्यांचे २२५, बदली रोपाचं कुरिअर माझ्या खिशातून ८०. एकूण १,७३०. हातात राहिले २७०. रोपामागे चौतीस रुपयेसुद्धा नाहीत. आणि यात माझ्या वेळेची किंमत शून्य धरली आहे.

दहाच्या दहा जगली असती तर? ८०० रुपये.

परत वाचा. फक्त दोन रोपं मेली आणि नफा ८०० वरून २७० वर आला. म्हणून सांगते, या धंद्यात भाव वाढवून किंवा रील टाकून जेवढं सुटत नाही, तेवढं रोप जगवून सुटतं. माझ्याकडेही आणि गिऱ्हाइकाकडेही.

"मग स्वतःच वाढवायची ना!" बरोबर. पण वेग समजून घ्या. टिलँडसियाचं एक रोप आयुष्यात एकदाच फुलतं. आयोनांथा फुलायच्या आधी आतून लालभडक होतं, मग जांभळं फूल. त्यानंतर ते बुंध्याशी पिल्लं देतं आणि स्वतः हळूहळू संपतं. अगदी केळीसारखं. पिल्लू आईच्या निदान एक तृतीयांश झालं की वेगळं करता येतं, पण विकण्याजोगं व्हायला एखादं वर्ष सहज जातं. बियांपासून तर कित्येक वर्षं. त्यामुळे "सहा महिन्यांत दुप्पट" वगैरे जे कुणी सांगत असेल त्याला लांबूनच नमस्कार करा.

अपवाद एक : स्पॅनिश मॉस. नाव मॉस, पण शेवाळ नाही, तेही टिलँडसियाच. राखाडी जटांसारखं लोंबतं, मुळं नाहीत, जुडी वाढली की वाटून दोन करायच्या. आमच्या दमट हवेत हे बरं वाढतं. माझा घरखर्चातला वाटा आज यावरच जास्त निघतो, हे खरं आहे. दिसायला लाडकं रोप वेगळं आणि दुकान चालवणारं रोप वेगळं.

करांबद्दल थोडक्यात. जिवंत रोपांवर जीएसटी नाही. पण काच, धातू, लाकडाचा स्टँड यांवर लागतो. रोप आणि स्टँड एकत्र विकत असाल, त्यातही दुसऱ्या राज्यात पाठवत असाल, तर आधी एकदा सीएकडे जाऊन बसा. कर्जाचं म्हणाल, तर मुद्रा योजनेच्या शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळतं. मी घेतलं नाही. माझं मत : तुमच्या रोपांनी एक पूर्ण पावसाळा काढल्याशिवाय कर्ज घेऊ नका. हप्ता पावसाळ्यात थांबत नाही.

रानातून नको

एकदा ओळखीतल्या एकाने सुचवलं, "परदेशी झाडं कशाला विकत घेतेस? कर्जतच्या वर रानात झाडांना ऑर्किडं लोंबतायत. पोतं भरून आणून देतो, फुकट." खोटं कशाला बोलू, त्या वेळी २७० रुपयांचा हिशोब माझ्या समोर होता आणि क्षणभर मोह झाला.

पण राखीव जंगलातून रोपं काढून आणणं हा भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे गुन्हा आहे. माथेरानचा परिसर तर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झालेला आहे. कायदा बाजूला ठेवला, तरी ते ऑर्किड ज्या फांदीवर, ज्या सावलीत, ज्या धुक्यात वाढलं, ते तुमच्या फ्लॅटमध्ये नसतं. बहुतेक रोपं मरतात. म्हणजे पुन्हा माझी बरणीच, फक्त या वेळी जंगलाच्या खर्चाने.

हाच प्रश्न परदेशी रोपांनाही विचारा. झेरोग्राफिका नावाची मोठी, कुरळ्या पानांची सुंदर जात आहे. तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराखाली नियंत्रित आहे, कारण ती रानातून ओरबाडली जात होती. रोपवाटिकेत वाढवलेली कागदपत्रांसह येते. बाहेरून रोप आणायला आयात परवाना आणि रोगमुक्तीचा दाखला लागतो. "पार्सलमध्ये खेळणी म्हणून मागवू" हे करू नका. भारतातल्याच रोपवाटिकेतून घ्या आणि "हे तुम्ही वाढवलं की कुठून आलं?" असं तोंडावर विचारा. चांगला रोपवाटिकावाला या प्रश्नाने चिडत नाही.

लेबलवरची एक ओळ

शेवटचा किस्सा. दिवाळीला भेट म्हणून २०० नगांची चौकशी आली. माझ्यासाठी ती वर्षातली सगळ्यात मोठी ऑर्डर झाली असती. अट एकच : लेबलवर छापायचं, "खोलीतील हवा शुद्ध करते."

आता आम्ही राहतो कारखान्यांच्या पट्ट्यात. हवेबद्दलची काळजी आमच्यासाठी गप्पांचा विषय नाही. घरात लहान मूल असेल, कुणाला दमा असेल, तर लोक ती ओळ खरी मानून खिडकी बंद करून बसतील.

खरं काय आहे? १९८९ साली नासाने झाडं आणि हवेतल्या घातक वायूंवर एक अभ्यास केला. त्यावरून "हवा शुद्ध करणारी झाडं" ही कल्पना जगभर पसरली. पण ते प्रयोग छोट्या, बंद पेट्यांमध्ये झाले होते. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले. घरात वारा खेळता असताना हवेच्या येण्याजाण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा झाडांनी पाडायचा तर दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडं लागतील, असं निघालं. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीत कमीत कमी नव्वद-एक. मग माणसाने बसायचं कुठे?

गंमत म्हणजे टिलँडसियाचा हवेशी संबंध आहे, पण वेगळा. ते जे घेतं ते हवेतून आणि पावसातून, त्यामुळे हवेतले जड धातू त्याच्या पानांत साठतात. म्हणून संशोधक ते प्रदूषण मोजायला वापरतात. ते हवा साफ करत नाही, हवा कशी आहे ते सांगतं.

मी ती ओळ छापायला नाही म्हटलं. ऑर्डर गेली. आईने दोन दिवस नीट बोलणं टाकलं होतं, कारण त्या पैशांत फ्रिज येणार होता. फ्रिज पुढच्या वर्षी आला.

सुरू करायचं असेल तर

आधी दहा रोपं घ्या आणि पूर्ण वर्ष जगवा. पावसाळा धरून. मग पाच रोपं अशा पाच घरांत फुकट द्या जिथे झाडांची आवड नाही. चिठ्ठी द्या, फोन करू नका. तीन महिन्यांनी जाऊन बघा. पाचपैकी चार जगली असतील तर तुमची चिठ्ठी बरोबर आहे, विकायला लागा. दोनच जगली तर रोपात नाही, चिठ्ठीत किंवा बांधणीत चूक आहे. ती शोधा. नोकरी असेल तर तोवर सोडू नका. मी दोन वर्षं दोन्ही केलं.

आणि मेलेल्या रोपांची वही ठेवा. तारीख, कुठे होतं, काय झालं. विकलेल्यांपेक्षा त्या वहीने मला जास्त शिकवलं.

काकूंचं सांगायचं राहिलं. पुढच्या संक्रांतीला मी त्यांना, आणि ज्यांची रोपं मेली होती त्या सगळ्यांना, नवीन रोप नेऊन दिलं. करवंटीवर, नायलॉनच्या दोऱ्याने बांधलेलं, बरणीशिवाय. पैसे घेतले नाहीत. काकूंचं परवा फुललं. त्यांनी फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "अगं, आतून लाल झालंय, आजारी आहे का?"

नाही काकू, छान आहे. आता पिल्लं येतील.

भेटू पुढच्या भागात. तुमच्याकडे मेलेलं रोप असेल तर लाजू नका, बुंध्याचा फोटो पाठवा. काय चुकलं ते मिळून शोधू.